कृत्रिम नाक कसं बनतं, आणि त्यात मोजायचं काय?

एम.टेक. संपवून पीएचडीच्या तयारीला लागलेले ज्युनिअर्स मला हमखास विचारतात, "ताई, तुमचा विषय नक्की कुठला? मेकॅनिकलचा की मेडिकलचा?" पूर्वी मी एका वाक्यात उत्तर द्यायचे: कॅन्सरच्या रुग्णांसाठी चेहऱ्याचे कृत्रिम अवयव कॉम्प्युटरवर डिझाइन करायचे आणि थ्रीडी प्रिंटरच्या मदतीने बनवायचे. उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट आहे. उरलेला अर्धा भाग समजायला मला जवळपास दोन वर्षं लागली. तो मला एका काकांनी समजावला. त्यांच्यासाठी मी माझ्या मते अगदी 'अचूक' नाक बनवलं होतं.

आजच्या लेखात आपण ही सगळी प्रक्रिया पायरीपायरीने बघू. प्रत्येक पायरीवर चूक कुठे शिरते तेही बघू. आणि शेवटी, माझं एक वर्ष ज्या चुकीत गेलं ती सांगते, म्हणजे निदान तुमचं तरी जाणार नाही. (काकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.)

आधी प्रश्न समजून घेऊ

नाक, कान किंवा डोळ्याच्या भागात कॅन्सर झाला की सर्जन फक्त गाठ काढत नाहीत. गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही काढावा लागतो, नाहीतर आजार उलटण्याची भीती असते. त्यामुळे कधी पूर्ण नाक जातं, कधी कान, तर कधी पापण्यांसकट डोळा आणि खोबणीतला सगळा भाग. आपल्याकडे तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कॅन्सर खूप आहेत. त्यातही गाठ गालातून बाहेर आलेली असली किंवा वरच्या जबड्यातून डोळ्यापर्यंत गेलेली असली, तर चेहऱ्याचा मोठा भाग काढावा लागतो.

मग तुम्ही विचाराल, प्लास्टिक सर्जरी का नाही करत? करतात की. कपाळाच्या कातडीतून नाक बनवायची पद्धत तर आपल्याच मातीतली. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं होतं. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. पुढे पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. त्या पत्रातला एक तपशील इंजिनिअरने वाचण्यासारखा आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घडवायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेषा आखायची. म्हणजे त्रिमितीतला पृष्ठभाग द्विमितीत उलगडणं. आज आपण हेच सॉफ्टवेअरमध्ये करतो आणि त्याला भारी नाव देतो.

पण प्रत्येक रुग्णाला सर्जरी चालत नाही. काढलेला भाग फार मोठा असतो, वय झालेलं असतं, रेडिएशन (रुग्णांच्या भाषेत 'शेक') झाल्यामुळे कातडी नीट भरून येत नाही. शिवाय एक महत्त्वाचं कारण आहे, जे मला दवाखान्यात बसल्यावरच कळलं: कृत्रिम अवयव काढता येतो. तो काढला की डॉक्टरांना आतली जागा थेट बघता येते, आणि आजार परत आलाय का हे लवकर कळतं. कातडीने झाकलेल्या जागेत ते इतकं सोपं नसतं. म्हणजे काढता येणं हा इथे दोष नाहीये, तो उपचाराचाच भाग आहे. डिझाइन करताना हे लक्षात ठेवा.

हाताने बनवायची पद्धत

डिजिटल पद्धत कशासाठी आली हे कळायला जुनी पद्धत माहीत हवी. ती अजूनही बहुतेक ठिकाणी वापरतात आणि कुशल हातात ती उत्तम चालते.

रुग्णाला आडवं करतात. चेहऱ्यावर दातांच्या मापासाठी वापरतात तसलं ओलं मटेरिअल पसरवतात, ते घट्ट होईपर्यंत रुग्णाने हलायचं नाही. नाकाची जागा उघडी असेल तर श्वास तोंडाने घ्यायचा. नुकतंच ऑपरेशन झालेल्या, आधीच घाबरलेल्या माणसाला हे काही सोपं नाही. मटेरिअलच्या वजनाने मऊ कातडी थोडी दबते, म्हणजे मापातच चूक शिरते. त्या मापातून प्लास्टरचा चेहरा ओततात, त्यावर मेणाचं नाक हाताने कोरतात, ते रुग्णाला लावून बघतात, दुरुस्त करतात. मग प्लास्टरचा दोन-तीन भागांचा साचा करून मेण वितळवून काढतात आणि त्या जागी रंग मिसळलेलं सिलिकॉन भरतात.

यातली खरी अडचण अशी की सिलिकॉनचं नाक कायमचं टिकत नाही. ऊन, घाम, चेहऱ्याचं तेल, रोजची धुलाई आणि चिकटवायचं ॲडेसिव्ह यामुळे रंग उडतो, कडा फाटतात. साधारण वर्ष-दोन वर्षांत नवं लागतं. दरवेळी माप, मेण, साचा हे सगळं पुन्हा. बाहेरगावहून येणाऱ्या रुग्णासाठी प्रत्येक फेरी म्हणजे प्रवासाचा खर्च, एक दिवसाची मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचीही मजुरी. डिजिटल पद्धतीचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथे आहे: फाइल जपून ठेवता येते.

पायरी १: चेहरा कॉम्प्युटरमध्ये आणणं

मुख्य मार्ग तीन: सीटी स्कॅन, पृष्ठभाग टिपणारा थ्रीडी स्कॅनर, आणि बऱ्याच फोटोंवरून आकार काढणारी फोटोग्रामेट्री.

सीटी बहुतेक कॅन्सर रुग्णांचा झालेलाच असतो. सीटीमध्ये प्रत्येक बिंदूला हाउन्सफील्ड एककात एक आकडा असतो: पाणी ०, हवा -१०००. मऊ ऊतींचे आकडे पाण्याच्या आसपास असतात. म्हणून मधला एखादा आकडा सीमा म्हणून ठरवला की कातडी आणि हवा वेगळी करता येते. याला सेगमेंटेशन म्हणतात. 'थ्रीडी स्लायसर' हे मोफत सॉफ्टवेअर शिकायला यासाठी छान आहे. पण एक गोष्ट विसरू नका. तो मधला आकडा तुम्ही निवडता. तो थोडा इकडेतिकडे केला की कातडीचा पृष्ठभाग थोडा आत-बाहेर सरकतो. शिवाय सीटी झोपवून काढतात आणि झोपल्यावर गाल कानांकडे उतरतात. रुग्ण नाक लावून फिरणार आहे उभ्याने.

थ्रीडी स्कॅनरने बसलेल्या रुग्णाचा चेहरा टिपता येतो, रेडिएशन नाही, काही मिनिटांत काम होतं. पण केस, भुवया, ओलसर जागा आणि खोल पोकळी त्याला नीट दिसत नाहीत. म्हणून आतली हाडं सीटीतून आणि बाहेरची कातडी स्कॅनरमधून घेऊन दोन्ही जुळवतात.

स्कॅनर महाग वाटत असेल तर ब्राझीलमधलं काम बघा. साओ पाउलोच्या एका गटाने २०१६ मध्ये मोबाइलच्या फोटोंवरून चेहऱ्याचं मॉडेल बनवून कृत्रिम अवयव करायची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी '१२३डी कॅच' नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं होतं. पुढच्याच वर्षी कंपनीने ते बंद केलं. पद्धत टिकली, कारण फोटो कसे काढायचे आणि त्यांचं काय करायचं हे त्यांनी नीट मांडलं होतं. सॉफ्टवेअर बदलता येतं. तुमच्या प्रबंधातही बटणांची नावं कमी आणि तत्त्व जास्त लिहा.

पायरी २: गेलेला भाग परत घडवणं

इथे प्रत्येक अवयवाची गोष्ट वेगळी आहे.

कान सगळ्यात सोपा. दुसरा कान शाबूत असतो. त्याचं स्कॅन घ्या, आरशासारखं उलटवा, जागेवर बसवा.

डोळ्याचा भाग मधला. निरोगी बाजू उलटवता येते, पण बुबुळ एखादा मिलीमीटर जरी सरकलं तरी समोरच्या माणसाला ती नजर तिरळी वाटते. लंडनच्या मूरफील्ड्स आय हॉस्पिटलमध्ये २०२१ साली एका रुग्णाला थ्रीडी प्रिंट केलेला कृत्रिम डोळा बसवला, त्यामुळे या भागात बरंच काम चालू आहे. पण जिथे पापण्याही गेल्यात तिथे कृत्रिम पापणी मिटत नाही, हा प्रश्न प्रिंटरने सुटत नाही.

नाक सगळ्यात कठीण, कारण ते मध्यभागी आहे. उलटवायला दुसरी बाजूच नाही. मग आकार आणायचा कुठून? ऑपरेशनच्या आधीचा स्कॅन असेल तर उत्तम. नसेल तर जुने फोटो, नाकांच्या आकारांचा संग्रह, किंवा भाऊ-मुलगा अशा जवळच्या नातेवाइकाचं नाक स्कॅन करून बदल करायचे. म्हणून माझी सगळ्यांना एकच विनंती असते. तुमच्या प्रकल्पात कुठलंही हॉस्पिटल असेल, तर ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटांचा एक पृष्ठभाग-स्कॅन घ्यायची पद्धत तिथे बसवता येते का बघा. यात संशोधनाची चमक काही नाही, पण पुढची कितीतरी मेहनत वाचते. अर्थात, गाठीमुळे नाक आधीच बदललेलं असेल तर तेवढा भाग हाताने दुरुस्त करावा लागतो.

पायरी ३: फाइलपासून सिलिकॉनपर्यंत

बऱ्याच जणांना वाटतं की नाक थेट प्रिंट होतं. सिलिकॉन थेट प्रिंट करायचे प्रयत्न चालू आहेत, पण बहुतेक ठिकाणी आजही प्रिंटर दोनपैकी एक काम करतो: एकतर नाकाचा नमुना प्रिंट करून देतो आणि त्यावरून पुढे नेहमीचा प्लास्टरचा साचा करतात, नाहीतर साचाच प्रिंट करतात.

साचाच प्रिंट करणं ऐकायला छान वाटतं. मी तेच केलं. रेझिनच्या प्रिंटरवर तीन भागांचा सुंदर साचा काढला, सिलिकॉन भरलं, दुसऱ्या दिवशी उघडलं, तर पृष्ठभाग गुळाच्या पाकासारखा चिकट. मला वाटलं प्रमाण चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चिकट. तिसऱ्यांदा लॅबमधल्या टेक्निशियन दादांनी विचारलं, "मॅडम, साचा कशाचा आहे?" चेहऱ्याच्या अवयवांसाठी वापरायचं बरंचसं सिलिकॉन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होतं, आणि रेझिनमधली न जमलेली रसायनं त्या प्लॅटिनमला निकामी करतात. लॅटेक्सच्या हातमोज्यांतलं गंधकही तेच करतं, म्हणून तिथे नायट्राइलचे मोजे वापरतात. उपाय आहेत: साचा अल्कोहोलने नीट धुणं, यूव्ही आणि उष्णता देऊन पूर्ण पक्का करणं, वरून संरक्षक थर देणं, किंवा सरळ प्लास्टरमध्ये प्रत काढणं. हे सगळं दादांना तोंडपाठ होतं. मी विचारलंच नव्हतं.

प्रिंटची दुसरी खोड म्हणजे थरांच्या रेषा. ०.१ किंवा ०.२ मिलीमीटरचा थर कागदावर क्षुल्लक वाटतो, पण नाकाच्या उतारावर त्या पायऱ्या सिलिकॉनमध्ये हुबेहूब उतरतात आणि प्रकाशात दिसतात. माणसाच्या कातडीला छिद्रं असतात, सुरकुत्या असतात. जिन्याच्या पायऱ्या नसतात. म्हणून नमुना मेणात उतरवून त्यावर हाताने कातडीचा पोत द्यायचं काम अजून शिल्लक आहेच.

पायरी ४: रंग आणि पकड

रंग मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि १९७६ ची सीआयई-लॅब पद्धत वापरतात. त्यात प्रत्येक रंग म्हणजे तीन आकडे: उजळपणा, लाल-हिरवा अक्ष, पिवळा-निळा अक्ष. दोन रंगांतलं अंतर म्हणजे 'डेल्टा ई'. आकडा छोटा तेवढा रंग जवळ. पण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग अंगणात उन्हात वेगळा दिसू शकतो. याला मेटामेरिझम म्हणतात. साडीच्या दुकानातून रस्त्यावर येऊन रंग बघणाऱ्या आपल्या आईला हे शास्त्र आधीच माहीत असतं. कातडी एकरंगीही नसते; म्हणून सिलिकॉनमध्ये आतून थरांनी रंग भरतात, बारीक लाल धागे मिसळून रक्तवाहिन्यांचा भास देतात, आणि शेवटचा हात रुग्ण समोर बसवून वरून देतात.

पकडीसाठी तीन पर्याय: मेडिकल ॲडेसिव्ह, चष्म्याचा आधार, आणि हाडात बसवलेले टायटॅनियमचे इम्प्लांट. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी दाखवलं, आणि १९६५ मध्ये दातांसाठी ते पहिल्यांदा माणसात वापरलं. आज चेहऱ्याच्या अवयवांसाठीही ते वापरतात. चुंबकाने नाक टक् करून बसतं. पण शेक झालेल्या हाडात इम्प्लांट टिकण्याची शक्यता कमी होते, आणि खर्चही वाढतो. आपल्याकडच्या अनेक रुग्णांसाठी म्हणूनच ॲडेसिव्ह आणि चष्मा हाच व्यवहार. आता मे महिन्यातला घाम डोळ्यासमोर आणा.

माझा ०.३ मिलीमीटर

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे साठीचे एक काका आले. पूर्ण नाक काढलेलं, शेक झालेला, इम्प्लांट शक्य नव्हते. नशिबाने ऑपरेशनच्या आधीचा सीटी होता. मी तो सेगमेंट केला, ऑपरेशननंतरच्या चेहऱ्यावर जुळवला, नाक डिझाइन केलं, साचा झाला, सिलिकॉन झालं. तयार नाकाचं स्कॅन घेऊन डिझाइनशी तुलना केली. सरासरी फरक ०.३ मिलीमीटर. लाल-हिरव्या रंगांचा तो नकाशा मी एका परिषदेत दाखवला, लोकांनी कौतुक केलं, मीही खूश.

तीन महिन्यांनी काका तपासणीला आले ते नाकावर रुमाल बांधून. नाक डबीत होतं. मी विचारलं, "काका, लावत नाही का?"

म्हणाले, "लावतो ना बाळा, फोटोपुरतं. बोलायला लागलो की खालची कड सुटते. हसलो तर मग बघायलाच नको. पोरं घाबरतात घरातली. म्हणून नाक लावलं की मी हसत नाही, आणि हसायचं असलं की नाक काढतो."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसती सोय म्हणून सांगितलं. मी माझा नकाशा उघडून पुन्हा पाहिला. त्यात खालच्या कडेला एक बारीक लाल रेघ होती. ती आधीपासून होती. मी ती पाहिली होती आणि सरासरीत सोडून दिली होती.

हे कसं होतं ते एका साध्या हिशोबाने बघू. समजा, नाकाच्या पृष्ठभागावर ४०,००० बिंदू आहेत आणि त्यातले फक्त १,५०० कडेवर आहेत. सगळीकडे ०.३ मिलीमीटर फरक असेल तर सरासरी ०.३०. आता कडेचा प्रत्येक बिंदू तब्बल १ मिलीमीटरने चुकला असं धरा. नवी सरासरी होते साधारण ०.३३. कागदावर काहीच बिघडलं नाही. चेहऱ्यावर मात्र एक मिलीमीटरची फट, सावलीसकट, चार हातांवरून दिसते. आणि फरक धन-ऋण चिन्हासकट घेतला तर आणखी गंमत: एका जागी ०.४ वर, दुसऱ्या जागी ०.४ खाली, सरासरी शून्य.

दुसरी चूक जुळवण्यातली. दोन पृष्ठभाग जुळवायला आपण सर्रास आयसीपी नावाचा अल्गोरिदम वापरतो. बेस्ल आणि मॅके यांनी तो १९९२ मध्ये मांडला. तो दोन पृष्ठभागांतलं एकूण अंतर कमीत कमी करतो. पूर्ण चेहरा दिला तर तो ऑपरेशनने बदललेला भाग, सुजलेला गाल, सगळंच 'समजून घेतो' आणि चूक सगळीकडे थोडी थोडी वाटून टाकतो. जुळवणी फक्त न बदललेल्या जागांवर करायला हवी: कपाळ, नाकाचं मूळ, गालाच्या हाडाचा वरचा भाग. मी पूर्ण चेहऱ्यावर केली होती, कारण त्यात आकडा छान येत होता.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. माझे सगळे स्कॅन स्थिर चेहऱ्याचे होते. "काका, हलू नका, तोंड मिटा" असं मीच सांगितलं होतं. म्हणजे ज्या चेहऱ्यासाठी मी नाक बनवलं, तसा चेहरा करून काका फक्त माझ्या लॅबमध्ये बसले होते. पहिल्या महायुद्धात ॲना कोलमन लॅड या शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये जखमी सैनिकांसाठी तांब्याचे पातळ मुखवटे बनवले, कातडीच्या रंगात रंगवले, चष्म्याने बसवले. दिसायला ते अप्रतिम होते, पण चेहरा हलला तरी धातू हलत नव्हता. शंभर वर्षांनी मी सिलिकॉनमध्ये तीच चूक केली.

मग काय केलं

प्रोस्थोडॉन्टिक्सच्या मॅडम म्हणाल्या, "आता कॉम्प्युटर बाजूला ठेव आणि अर्धा तास काकांशी गप्पा मार. फक्त कडेकडे बघत राहा." मी तेच केलं. मग आम्ही काकांच्या चेहऱ्यावर पेन्सिलने ठिपके काढले आणि पाच स्कॅन घेतले: स्थिर, हसताना, तोंड उघडून, ओठ मिटून दाबून, आणि 'ऊ' म्हणताना. पाचही स्कॅन फक्त कपाळ आणि नाकाच्या मुळावर जुळवले. कुठला ठिपका किती सरकतो हे मोजलं. नाकाच्या मुळाजवळचे ठिपके एक मिलीमीटरही हलत नव्हते. वरच्या ओठाजवळचे चार-पाच मिलीमीटर सरकत होते. माझी जुनी कड बरोबर त्या सरकणाऱ्या पट्ट्यावर बसत होती.

नव्या डिझाइनमध्ये खालची कड जिथे हालचाल कमी आहे त्या रेषेपर्यंत वर घेतली. नाक आतून पोकळ करून हलकं केलं. कड मात्र प्रिंटरवर सोडली नाही. नमुना मेणात उतरवून काकांना लावला आणि मॅडमनी ती कड त्यांच्या चेहऱ्यावरच, त्यांना बोलतं ठेवून, पातळ केली. वरची कड चष्म्याच्या फ्रेमखाली लपवली. चष्मा काकांनीच निवडला.

नव्या नाकाची सरासरी किती आली? ०.४. आधीपेक्षा वाईट! पण हसताना कड सुटणं बरंच कमी झालं. पूर्ण बंद झालेलं नाही. जेवताना काका अजूनही नाक काढून ठेवतात. नातीच्या साखरपुड्याला त्यांनी ते दिवसभर लावलं होतं असं काकूंनी सांगितलं.

तुमच्यासाठी

संशोधनाचा विषय ठरवताना तुम्हीही एखादा आकडा निवडणार आहात. आपण बहुतेक वेळा तो निवडतो जो सॉफ्टवेअर आपोआप देतं. तसं करण्याआधी स्वतःला एवढं विचारा:

१. हा आकडा सुधारला तर वापरणाऱ्याच्या दिवसात काय बदलेल? उत्तर एका साध्या वाक्यात देता येत नसेल तर आकडा बदला. मी आता कडेचा फरक वेगळा मोजते, सरासरीसोबत सगळ्यात मोठा फरकही देते, आणि 'दिवसातून किती तास लावता' हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारते.

२. चूक कुठल्या पायरीत शिरली हे वेगळं करता येतं का? स्कॅन, सेगमेंटेशन, जुळवणी, प्रिंट, सिलिकॉन. शेवटचा एकच आकडा दिला तर दोष कुणाचा हे कधीच कळत नाही.

३. हाताने काम करणाऱ्यांशी बोललात का? माझे चिकट साचे आणि उठणारी कड, दोन्हींची उत्तरं त्याच इमारतीत होती.

४. चेहऱ्याच्या डेटाची काळजी घेतली का? सीटीच्या फाइलमधून नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातले ८३ टक्के त्यांच्या फोटोंशी बरोबर जुळवले. मेंदूवर काम करणारे स्कॅनमधून चेहरा पुसू शकतात. आपल्या विषयात चेहरा हाच डेटा आहे. म्हणून नैतिक समितीची मंजुरी, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली संमती आणि कुलूपबंद साठवण हे पहिल्या दिवसापासून हवं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं प्रवेश घेण्याआधीच वाचून काढा.

डिजिटल पद्धतीवरचा माझा विश्वास कमी झालेला नाही. काकांची फाइल माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी नवं नाक लागेल तेव्हा त्यांना पुन्हा चेहऱ्यावर मटेरिअल घेऊन झोपावं लागणार नाही, फेऱ्याही कमी होतील. फक्त त्या फाइलला मी आता वेगळं नाव दिलंय. आधी तिचं नाव 'अंतिम' होतं. आता तिच्या नावात पाच हालचाली आहेत, आणि शेवटी तारीख, कारण पुढच्या भेटीत ती पुन्हा बदलणार आहे.